पेटीचे मानापमान

पियानो हे वाद्य मी आयुष्यात तीन-चार वेळाच प्रत्यक्ष पाहिलं आहे. तेही बंद, आणि वर फुलदाणी ठेवलेलं. पण अमेरिकेतली आमची भाचेमंडळी हल्ली मुलांना पियानो शिकवतात. त्यांच्या परीक्षा होतात, वर्षाअखेरीस छोट्याशा सभागृहात एकेका मुलाचं वादन होतं आणि त्याचं चित्रण आम्हां म्हाताऱ्यांना पाठवलं जातं. परवा त्यांतल्याच एका अकरा वर्षांच्या मुलीने फोनवर मला विचारलं, "आजी, आपल्यात कोणी मोठा पियानिस्ट होऊन गेला का गं?"

प्रश्न चांगला होता. उत्तर फोनवर देता आलं नसतं, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. तिला मराठी वाचता येत नाही, पण तिची आई वाचून दाखवेल. बाकीच्यांनी आपापलं वाचावं.

आधी 'पियानिस्ट' म्हणजे काय ते पाहू. नुसता पियानो वाजवणारा तो पियानिस्ट नव्हे. शेकडो लोकांसमोर, साथीला कोणी नसताना, दोन तास एकटा बसून जो सभा धरून ठेवतो तो. ही प्रथासुद्धा फार जुनी नाही. पूर्वी युरोपात मैफल म्हणजे चार गायक, दोन व्हायोलिनवाले, मध्येच एखादा पियानो असं कडबोळं असायचं. फ्रान्झ लिस्ट नावाच्या हंगेरियन वादकाने १८३९ साली रोममध्ये संपूर्ण कार्यक्रम एकट्याने केला, आणि पुढच्या वर्षी लंडनला अशा कार्यक्रमाला 'रिसायटल' हे नाव मिळालं. तिथून एकट्या पियानोवादकाचं युग सुरू झालं.

त्याच काळातल्या क्लारा शूमान या बाईंचं चरित्र आपल्याकडच्या मुलींना माहीत व्हायला हवं. नवव्या वर्षी, १८२८ साली तिने लोकांसमोर वादन केलं. पुढे आठ मुलं झाली, १८५६ साली नवरा गेला, आणि या बाईने गावोगाव पियानो वाजवून घर चालवलं. साठीनंतरही ती मंचावर बसत होती. आणखी एक नाव म्हणजे पोलंडचा पडेरेव्स्की. हा जगप्रसिद्ध पियानोवादक १९१९ साली चक्क आपल्या देशाचा पंतप्रधान झाला आणि व्हर्सायच्या तहावर त्याने सही केली! इतिहास शिकवताना मी हे वर्गात सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नसे. वाजवणारा माणूस आणि पंतप्रधान? आपल्याकडे वाजवणारा म्हणजे गाणाऱ्याच्या बाजूला थोडा मागे सरकून बसणारा. त्याचं नाव पत्रिकेत खाली, बारीक अक्षरात. मुलांच्या अविश्वासाचं कारण तेच होतं.

आता आपल्याकडे काय झालं ते पाहू. पियानो साहेबाबरोबर आला, पण तो मुंबईच्या पारशी घरांत, गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत राहिला. तो जड, महाग, आणि ओल्या हवेत बेसूर होणारा. त्याच्या ८८ पट्ट्या. बैलगाडीतून तो कुठे नेणार? शिवाय पियानोत हातोडी तारेवर पडते, आवाज उमटतो आणि विरत जातो. आपल्या गाण्याला तर लांबवलेला सूर हवा.

आपल्या गाण्याला मानवलं ते त्याचं चुलत भावंड, हार्मोनियम. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबाँने १८४२ साली त्याचं पेटंट घेतलं. आत पितळेच्या पातळ पट्ट्या, ज्यांना आपण 'सूर' म्हणतो, आणि खाली पायाने हवा भरायची. भाता चालू आहे तोवर सूर चालू. मिशनऱ्यांबरोबर ही पायपेटी हिंदुस्थानात शिरली. पुढे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांच्या 'द्वारकिन' कंपनीसारख्या कारखानदारांनी तिचे पाय काढले आणि भाता मागच्या बाजूला आणला. जमिनीवर मांडी घालून एका हाताने भाता मारायचा आणि दुसऱ्याने वाजवायचं, अशी आपली पेटी तयार झाली. साडेतीन सप्तकांच्या आत-बाहेर तिचा पसारा. काखोटीला मारून नेता येईल अशी.

आमच्या नगर जिल्ह्यात तर पेटीला कुठेच मज्जाव नव्हता. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ सालापासून. रेव्हरंड टिळकांची भजनं चर्चमध्ये पेटीवर म्हटली जायची आणि त्याच गावात पलीकडच्या देवळात काकड्यालाही पेटीच. नेवाशाच्या भजनी मंडळात पेटी, जामखेडच्या संगीतबारीत पेटी आणि आमच्या शाळेत प्रार्थनेलाही पेटी. (ती मी वाजवत असे. काळी दोनमध्ये सुरू केलं की सातवीच्या मुलांचा आवाज वर पोचत नसे, म्हणून पांढरी एक.) देवळातून चर्चमध्ये आणि तिथून फडावर इतक्या सहज जाणारं दुसरं वाद्य मला आठवत नाही.

पण सगळीकडे असणं वेगळं आणि मान असणं वेगळं. पेटी सगळीकडे होती ती साथीला. तिला उचलून मैफलीच्या मधोमध ठेवणारी जी थोडी माणसं झाली, त्यांतलं आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यांत मोठं नाव म्हणजे गोविंदराव टेंबे. आमच्या नातीच्या प्रश्नाला माझं उत्तर ते आहे.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ चा. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८० च्या ऑक्टोबरात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात रंगभूमीवर आलं होतं. म्हणजे संगीत नाटक आणि गोविंदराव जवळजवळ एकाच वयाचे. ते वाढले कोल्हापुरात. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांचं गाव. १८९५ साली अल्लादियाखाँसाहेब महाराजांच्या दरबारी आले, तेव्हा गोविंदराव चौदा वर्षांचे होते. ज्या वयात कान घडतो त्या वयात अल्लादियाखाँ गावात राहायला असणं, याला नशीब म्हणायचं नाही तर काय! साठ वर्षांनी, १९५४ साली, गोविंदरावांनी खाँसाहेबांचं चरित्र लिहून हे ऋण फेडलं.

पेटी ते मुख्यतः स्वतःच शिकले. त्यांना दुसरा मार्गही नव्हता, कारण पेटीचं घराणं नव्हतं. सतारीला, सारंगीला, बीनेला पिढ्यान्‌पिढ्यांचे उस्ताद होते. पेटी परक्या देशातून कालपरवा आलेली, तिला गुरू कुठला? तिकडे ग्वाल्हेरला भैय्यासाहेब गणपतराव या शिंदे घराण्याशी नातं असलेल्या कलावंताने पेटीवर ठुमरी वाजवून कीर्ती मिळवली होती. पण त्यांची परंपरासुद्धा तेव्हा नुकतीच सुरू झालेली. तेव्हा गोविंदरावांनी गाणाऱ्यांनाच गुरू केलं. वादकाने वादकाकडून शिकायचं ही नेहमीची रीत. इथे वादक गायकांकडून शिकला, आणि त्यांच्या वादनाचं मर्म इथेच आहे असं मला वाटतं.

त्या गायकांत पहिलं नाव भास्करबुवा बखले. बुवांच्या मैफलींना गोविंदराव पेटीची साथ करत आणि त्यांना गुरू मानत. साथ करणं म्हणजे काय, ते पेटी न वाजवलेल्यांसाठी जरा सांगते. गाणारा पुढे काय घेणार हे तुम्हांला ठाऊक नसतं. तो तान घेतो, तुम्ही अर्ध्या श्वासाच्या अंतराने तिच्या मागून जाता. तो थांबला की तुम्ही त्याची शेवटची ओळ हलकेच पुन्हा म्हणायची, जास्त नाही आणि कमीही नाही. पुढे गेलात तर उद्धटपणा, फार मागे राहिलात तर गोंधळ. बुवांसारख्या तिन्ही घराण्यांची तालीम पचवलेल्या गायकाची अशी साथ वर्षानुवर्षं करणं हे एका विद्यापीठातून जाण्यासारखं आहे. आणि फी काही नाही, उलट बिदागी मिळायची!

मग १९११ साल उजाडलं. किर्लोस्कर मंडळी कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'मानापमान' बसवत होती. चाली देण्याचं काम आलं गोविंदरावांकडे. वय तीस पुरं नव्हतं. तोपर्यंत नाटकातली पदं साकी, दिंडी, कीर्तनातले कटाव, लावणीच्या आणि कर्नाटकी चाली अशा लोकांच्या कानांवरच्या वळणाने जात. गोविंदरावांनी तिथे रागदारीच्या बंदिशी आणल्या, आणि त्याहीपेक्षा धाडसाचं म्हणजे बनारसकडच्या पूरब अंगाच्या ठुमरीचा बाज आणला. १२ मार्च १९११ रोजी मुंबईत पहिला प्रयोग झाला आणि मराठी माणसाचं गाणं बदललं. ज्याने आयुष्यात बैठकीची पायरी चढली नाही असा माणूससुद्धा रस्त्याने ठुमरीच्या वळणाची पदं गुणगुणू लागला. शास्त्रीय संगीताची गोडी मराठी घराघरांत पोचली ती नाटकाच्या वाटेने, आणि ती वाट रुंद करणाऱ्या हातांत पेटीवाल्याचे हात होते. दहा वर्षांनी, ८ जुलै १९२१ रोजी, टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी एकत्र येऊन मुंबईत जो 'संयुक्त मानापमान' केला, त्याच्या कथा आमच्या आधीच्या पिढीने कितीदा सांगितल्या असतील. अगदी अलीकडे, २०२५ च्या जानेवारीत, याच नाटकावरून 'संगीत मानापमान' नावाचा चित्रपटही येऊन गेला.

१९१३ च्या जुलैत बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव या तिघांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. तिघे मालक. पण भागीदारी फार टिकली नाही. दोन वर्षांत गोविंदराव बाहेर पडले आणि १९१५ साली त्यांनी स्वतःची 'शिवराज' नाटक मंडळी काढली. त्यासाठी नाटक लिहिलं, चाली दिल्या, भूमिकाही केल्या. ती मंडळीही पुढे बंद पडली. नाटक कंपनी चालवणं म्हणजे शंभर माणसांचं जेवण रोज शिजवणं. कलावंत माणसाला त्या हिशेबात कसं यश यावं? गंधर्व मंडळीचं पुढचं कर्ज तर सगळ्यांना ठाऊक आहेच.

पन्नाशी आली. इतर कोणी असता तर कोल्हापुरात शिकवण्या धरून बसला असता. गोविंदरावांच्या आयुष्यात त्या वेळी बोलपट आला! प्रभात कंपनीने १९३२ साली आपला पहिला बोलपट काढला, 'अयोध्येचा राजा'. दिग्दर्शक व्ही. शांताराम, तारामती दुर्गा खोटे, आणि हरिश्चंद्र कोण, तर गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचंच. तेव्हा पार्श्वगायन नव्हतं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून नटानेच गायचं, आणि वादक झाडाआड नाहीतर पडद्याआड बसून साथ करायचे. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये ते मच्छिंद्रनाथ झाले. माझ्या वडिलांनी 'अयोध्येचा राजा' लहानपणी तंबूत पाहिला होता. त्यांना हरिश्चंद्र आठवे. पण हरिश्चंद्राचं काम करणारा हा माणूस देशातला अव्वल पेटीवादक आहे, हे त्यांना कितीतरी वर्षांनी कळलं.

गंमत पाहा, वर ज्यांचा उल्लेख केला ते पडेरेव्स्कीसुद्धा पुढे सिनेमात दिसले. १९३७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, 'मूनलाइट सोनाटा' नावाच्या इंग्रजी चित्रपटात. पण त्यांनी तिथे काम केलं ते पियानोवादक म्हणूनच. लोक त्यांचे हात पाहायला आले. आपल्या गोविंदरावांना पडद्यावर यायला मात्र राजाचा मुकुट घालावा लागला. पेटीवर बोटं फिरवणाऱ्या माणसावर सिनेमा काढावा असं तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

आता मूळ मुद्द्याकडे येते. पेटीला हा मान का मिळत नव्हता? नुसता तो विद्वानांचा आकस होता असं म्हणून चालणार नाही. पेटीत खरोखरच उणिवा आहेत, आणि त्या दोन आहेत.

पहिली उणीव मींड. गळा किंवा सारंगी सा पासून ग पर्यंत घसरत जाऊ शकते, मधल्या साऱ्या जागा दाखवत. पेटीवर सा आहे, रे आहे, ग आहे. मध्ये काही नाही. जिना आहे, उतार नाही. दुसरी उणीव सुरांच्या जागांची. कोणत्याही पट्टीत वाजवता यावं म्हणून पियानो-पेटीचे बारा सूर सारख्या अंतरावर बसवलेले असतात. त्यामुळे ते नैसर्गिक सुरांपासून किंचित ढळतात. तानपुऱ्याच्या जोडीत कान लावून ऐकलंत तर तारेतून उमटणारा गंधार आणि पेटीचा गंधार यांत बारीकसा फरक जाणवतो. पेटीचा गंधार थोडा चढा. आपल्याकडच्या बावीस श्रुतींच्या विचाराला हे कसं मानवावं?

यावर उपाय शोधणारेही आपल्याच भागातले. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी अब्दुल करीमखाँसाहेबांच्या मदतीने सुरांची मोजमापं केली आणि १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ई. क्लेमेंट्स नावाच्या सनदी नोकरीतल्या इंग्रज अधिकाऱ्याला त्यांनी हा छंद लावला, आणि दोघांच्या खटपटीतून 'श्रुती हार्मोनियम' तयार झाली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण गवयांनी ती मानली नाही. आमच्या काळात ठाण्याच्या डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी पुन्हा नव्याने बनवली आहे. म्हणजे शंभर वर्षं झाली तरी हा शोध थांबलेला नाही.

गोविंदरावांनी वाद्य बदललं नाही. त्यांनी पेटी आहे तशी घेतली आणि वाजवणं बदललं. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना बोट उचलण्याच्या आत दुसरं टेकवायचं, मधल्या सुराचा निसटता कण द्यायचा, आणि भात्याची हवा अशी कमीजास्त करायची की सूर फुगतो, ओसरतो, श्वास घेतो. कान फसतो आणि जिन्याचा उतार झाल्यासारखा वाटतो. हे ऐकून लिहिणं सोपं आहे. आमच्यासारखे भात्याची सारखी फेकाफेक करणारे लोक पेटीचा नुसता भोंगा करतात. ज्याच्या डोक्यात गाणं चालू आहे त्याच्याच हाताखाली पेटी गाते. गोविंदरावांच्या डोक्यात भास्करबुवा होते, अल्लादियाखाँ होते, ठुमरी होती. म्हणून ते एकटे पेटी घेऊन बसले तरी मैफल होत असे.

एवढं सगळं झाल्यावर, १९४० साली काय व्हावं? १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटी बंद केली. पुरती बंद. साथीलाही नाही.

याला सूर लावणारे सगळे साहेब नव्हते. दिल्ली रेडिओवर काम करणारे जॉन फोल्ड्स या इंग्रज संगीतकाराने आधी पेटीविरुद्ध लेख लिहिला होता हे खरं. पण १९४० च्या जानेवारीत कलकत्ता केंद्राला पत्र लिहून पेटी हटवण्याची मागणी करणारे होते खुद्द रवींद्रनाथ ठाकूर. पंडित नेहरूंनाही पेटीचा तिटकारा होता आणि त्यांनी तो लिहूनही ठेवला आहे. (हेच नेहरू ऑगस्ट १९४२ पासून १९४५ च्या मार्चपर्यंत आमच्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते. तटाबाहेरच्या एखाद्या भजनातली पेटी वाऱ्यावर आत गेली असेल का, असं मनात येऊन मला हसू येतं.) पुढे स्वराज्य आलं, नभोवाणीमंत्री आले बाळकृष्ण केसकर, अस्सल मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा मोठा कैवारी. १९५२ ते १९६२ ते त्या खात्यावर होते, पण पेटीवरची बंदी त्यांच्याही काळात कायम राहिली. साहेब गेला तरी साहेबाने घातलेली बंदी आपण इमानाने पाळली. तीही साहेबाच्या वाद्यावरची! हा गुंता मी इतिहासाच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात पाहिला नाही.

आता या तारखा गोविंदरावांच्या आयुष्याशेजारी ठेवून पाहा. बंदी आली तेव्हा ते अठ्ठावन्न वर्षांचे होते. १९५५ च्या ऑक्टोबरात ते गेले. म्हणजे कलावंताची पिकलेली अशी जी शेवटची पंधरा वर्षं, ती सगळीच्या सगळी बंदीची. त्या काळात घराघरांत गाणं पोचवणारं एकच साधन होतं, रेडिओ. आणि देशातल्या सर्वश्रेष्ठ पेटीवादकाला रेडिओवर पेटी वाजवता येत नव्हती. पियानोवादकाचा पियानो काढून घ्यावा तसं हे झालं.

ते मात्र रुसून बसले नाहीत. १९३९ साली 'माझा संगीत व्यासंग' आलं होतं, १९४८ साली 'माझा जीवनविहार' हे आत्मचरित्र आलं. संगीतिका लिहिल्या. अल्लादियाखाँचं चरित्र झालं. हातातलं वाद्य लोकांपर्यंत पोचत नाही म्हटल्यावर त्यांनी लेखणी धरली. आणि मराठीत संगीतावर इतक्या जवळून, इतकं प्रेमाने आणि तरीही जरा मिस्कीलपणे लिहिणारे तेव्हा थोडेच होते. माझ्यासारख्या बी.ए. मराठी झालेल्या बाईला गोविंदराव आधी भेटले ते लेखक म्हणून, आणि पेटीवादक म्हणून मागाहून कळले. त्यांचं वादन प्रत्यक्ष ऐकण्याचा तर प्रश्नच नव्हता. ते गेले तेव्हा मी पाच वर्षांचीही धड नव्हते.

आमच्या लहानपणी रात्री रेडिओवर गाणं लागे तेव्हा तानपुरा, तबला आणि सारंगी नाहीतर व्हायोलिन असे. गावात तर जिकडेतिकडे पेटी. मी एकदा वडिलांना विचारलं होतं की रेडिओवाल्यांकडे पेटी नाही का? वडील म्हणाले होते, "त्यांना परवडत नसेल." किती तरी वर्षं मी ते खरं धरून चालले होते.

१९७० च्या सुमारास आकाशवाणीने दिल्लीत विद्वानांची चर्चा घडवून आणली आणि त्यानंतर हळूहळू दार किलकिलं झालं. आधी वरच्या श्रेणीच्या गायकांना साथीला पेटी घ्यायची मुभा मिळाली. स्वतंत्र वादनाला आणखी फार वर्षं वाट पाहावी लागली. पण मैफलीत पेटी कधी थांबलीच नव्हती. पी. मधुकर, विठ्ठलराव कोरगावकर, गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, मनोहर चिमोटे अशी माणसं बंदीच्या काळातच मोठी झाली. पु. ल. देशपांडे स्वतः उत्तम पेटी वाजवत आणि गोविंदरावांबद्दल भक्तिभावाने बोलत. पी. मधुकरांचे शिष्य, गोव्याच्या बोरी गावचे तुळशीदास बोरकर, यांना २०१६ साली पद्मश्री मिळाली. हे वाचलं त्या दिवशी मला उगाचच आमच्या शाळेतली जुनी पेटी आठवली आणि बरं वाटलं. वाद अजून मिटलेला मात्र नाही. २०२२ साली अमृतसरला अकाल तख्ताने सुवर्णमंदिरातल्या कीर्तनातून पेटी टप्प्याटप्प्याने कमी करून जुनी तंतुवाद्यं आणावीत असं सांगितलं. त्यांच्या परंपरेपुरती ती मागणी समजण्यासारखी आहे. पण पेटीने अजून किती परीक्षा द्यायच्या, असंही वाटून जातं.

आता शेवटचा विचार. लिस्टचं वादन आपल्यापैकी कोणीच ऐकलेलं नाही, पण त्याने लिहून ठेवलेली स्वरलिपी आहे. ती आजची अकरा वर्षांची मुलगीही समोर ठेवून वाजवू शकते. आपल्याकडच्या वादकाचं तसं नाही. तो जे वाजवतो ते त्याच क्षणी घडवतो आणि त्याच क्षणी ते संपतं. गोविंदरावांच्या हातांत जे होतं ते फार थोडं मागे राहिलं. राहिल्या त्या मानापमानाच्या चाली, आणि त्या आपण बालगंधर्वांच्या, दीनानाथांच्या, वसंतरावांच्या नावाने ओळखतो. चाल देणाऱ्याचं नाव सांगा म्हटलं तर नाट्यगीतांच्या स्पर्धेत बक्षीस मिळवलेली मुलंही अडखळतात. मी परीक्षक म्हणून बसले आहे, म्हणून सांगते.

तरी मला यात अन्यायापेक्षा वेगळंच काहीतरी दिसतं. जो माणूस उमेदीची वर्षं दुसऱ्याच्या गाण्यामागून अर्ध्या श्वासाच्या अंतराने चालला, त्याला मागे राहून गाणं पुढे न्यायची विद्या साधली होती. त्याच्या जोरावर तो मंचाच्या मधोमध बसला, आणि पुन्हा गाण्याच्या मागे दिसेनासा झाला. हलक्या मानल्या गेलेल्या वाद्याला त्याने मोठं केलं ते कोणाशी भांडून नव्हे. तिची उणीव कुठे आहे हे तिच्या शत्रूंपेक्षा त्याला जास्त नेमकं ठाऊक होतं, आणि तिथेच त्याने बोट ठेवलं, शब्दशः.

असो. लेख लांबला. तुमच्यापैकी कोणाच्या घरी आजोबा-पणजोबांची जुनी पेटी माळ्यावर असेल तर उतरवा, भात्याला भोकं पडली असतील तर ती बुजवून घ्या. आणि कोणाच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनी गोविंदरावांना प्रत्यक्ष ऐकलं असेल, तर त्यांनी काय सांगितलं ते कृपा करून लिहून ठेवा. वाजवलेलं विरून गेलं आहे, पण ऐकलेलं कुठे कुठे अजून असेल.